मादी टॅरंटुला किती वर्षं जगते आणि हाताळून ती शांत होते का?

प्रश्न विचारणारे ऐरोलीचे आहेत. मित्र नोकरीसाठी बंगळूरला चाललाय, त्याच्याकडची पूर्ण वाढलेली मेक्सिकन रेड नी जातीची मादी टॅरंटुला (मोठा केसाळ कोळी) तो फुकट देतोय आणि वर सांगतोय, 'रोज थोडा वेळ हातावर घेत जा, माणसाळेल.' ती अजून किती जगेल आणि स्वभावाने कशी राहील, एवढंच त्यांना हवंय.

आकडा आधी सांगते. रेड नी मादी नीट सांभाळली तर २५ ते ३० वर्षं जगते. चिलियन रोझ या दुसऱ्या जातीची मादी वीस वर्षं सहज काढते. झाडावर राहणाऱ्या, भराभर वाढणाऱ्या जातींच्या माद्या १०-१५ वर्षांत आटोपतात. नराचं सगळंच वेगळं. तो वयात आला की शेवटची कात टाकतो आणि त्यानंतर बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्षात जातो. म्हणजे तुमच्या मित्राकडची मादी आज दहा वर्षांची असेल, तर तो तुम्हाला पुढच्या पंधरा-वीस वर्षांचं काम देतोय. फुकट वगैरे काही नाही ते.

'माणसाळेल' वाचल्यावर मात्र लिहायला बसले. हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलंय की मला ते दादाच्या आवाजातच ऐकू येतं.

माझ्या दादाने कॉलेजात असताना रेड नी आणली. तेव्हा ती रुपयाएवढी होती. त्याने तिचं नाव खंडू ठेवलं, कारण विकणाऱ्याने नर म्हणून सांगितलं होतं. आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो, तिथल्या बाहेरच्या खोलीत खिडकीपासून लांब तिची काचेची पेटी. दादा रोज संध्याकाळी तिला तळहातावर घ्यायचा, मित्रांना दाखवायचा, फोटो काढायचा. मग त्याला जर्मनीत नोकरी लागली. जाताना मला म्हणाला, "नर आहे गं, दोन-तीन वर्षांचा प्रश्न. तेवढं सांभाळ." मी हो म्हटलं. पेटी, पाण्याची वाटी, रातकिड्यांचा डबा, सगळं माझ्याकडे आलं.

मी तिला कधीच हातावर घेतलं नाही. पाणी बदलायचं, आठ-दहा दिवसांनी एखादा रातकिडा द्यायचा, उरलेलं उष्टं चिमट्याने काढायचं, बस. ती जशी शांत होती तशीच राहिली. पेटीचं झाकण उघडलं तरी जागची हलायची नाही, फार तर एक पाय उचलून पुन्हा टेकवायची. दादा फोनवर म्हणायचा, "बघ, माझ्या हाताची सवय आहे तिला." वर्षानुवर्षं कुणाचा हात लागला नव्हता, तरी श्रेय त्याचंच.

एका गणपतीत दादा सुट्टीवर आला. घर पाहुण्यांनी भरलेलं. मावशीचा नातू कोळी बघायचा म्हणून हटून बसला, तसा दादा पेटीकडे गेला. मी नको म्हटलं. तिने दीड महिना काही खाल्लं नव्हतं आणि पोटावरचा केस गेलेला गोल भाग, जो एरवी फिकट दिसतो, तो काळा पडला होता. खाली नवी कातडी तयार झाली की तो असा काळा दिसतो. अशा वेळी तिला श्वासाचा वाराही नको असतो. दादा म्हणाला, "अगं, माझ्या हातची आहे ती." निदान खाली सतरंजीवर तरी बस, एवढं मात्र मी त्याला ऐकायला लावलं.

त्याने तिला घेतलं. मुलगा पुढे वाकला. खंडूने मागचे दोन पाय पोटावर भराभर घासले. हे इतक्या झटकन होतं की बघणाऱ्याला फक्त पाय थरथरल्यासारखे वाटतात. अमेरिका खंडातल्या जातींच्या पोटावर काटेरी केस असतात, ते त्या असे उडवतात आणि ते खाजकुयलीसारखे कातडीत शिरतात. दादाचं मनगट आणि मुलाची मान लालबुंद झाली. ते डोळ्यात गेले असते तर प्रकरण डॉक्टरकडे गेलं असतं, कारण बुबुळात रुतलेले केस महिनोन् महिने त्रास देतात आणि नुसतं पाण्याने धुऊन निघत नाहीत. दादाने हात झटकला आणि ती वीतभर उंचीवरून सतरंजीवर पडली. तो उभा असता तर ती मेलीच असती. जमिनीवर राहणाऱ्या जातींचं पोट जड आणि कातडी पातळ असते. कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडली की पोट फुटतं आणि आतलं द्रव वाहून जातं.

मुलाची मान चिकटपट्टी लावून-काढून साफ केली, धुतली, संध्याकाळपर्यंत तो बरा झाला. दादाचं म्हणणं काय, तर "तू हाताळत नाहीस म्हणून ती बिथरली."

आता हे एकदाचं नीट सांगते. तुम्हालाही आणि त्यालाही. टॅरंटुलाची नजर अगदी अधू असते. आठ डोळे असले तरी तिचं जग म्हणजे पायांच्या आणि अंगाच्या केसांना जाणवणारी थरथर आणि हवेची हालचाल. तिच्या लेखी तुमचा हात म्हणजे एक उबदार, हलणारी जमीन. ती त्यावरून शांतपणे चालते याचा अर्थ एवढाच की त्या क्षणी तिला धोका वाटला नाही. रेड नी जातीने शांत असते, म्हणून तर जगभर लोक ती पाळतात. त्यातही एकेकीचा स्वभाव वेगळा. चिलियन रोझमध्ये तर एक मादी मातीच्या ढेकळासारखी पडून राहते आणि त्याच विकणाऱ्याकडची दुसरी पाण्याची वाटी भरतानाही पुढचे पाय वर करून सुळे दाखवते. आणि एकच मादी कात टाकायच्या आधी चिडकी, नंतर भित्री आणि दोन महिन्यांनी पुन्हा जैसे थे होते. वयाबरोबर थोडा फरक पडतो, पिल्लू असताना पळापळ जास्त असते, मोठी झाल्यावर ती मंदावते. पण 'मी घडवलं' असं म्हणण्यासारखं त्यात माणसाचं काही नाही. तिला शांत ठेवायचं असेल तर पेटी हलवू नका, लपायला जागा द्या आणि हात बाहेर ठेवा.

गणपती गेले, दादा परत गेला. पितृपक्षात एका सकाळी आईने हाक मारली. खंडू उताणी पडलेली, पाय पसरलेले. आईने दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो बघून म्हणाला, "गेला तो. मी म्हटलं होतं ना, नर आहे. कुंडीत पुरून टाका." मग म्हणाला, "नाहीतर उलटा करून बघा जरा."

मी पेटीला हात लावू दिला नाही. मेलेली टॅरंटुला उताणी पडत नाही. तिचे पाय पोटाखाली मुठीसारखे आवळले जातात. कारण पाय आत ओढायला त्यांच्याकडे स्नायू असतात, पण लांब करायचं काम आतल्या द्रवाच्या दाबाने होतं. जीव गेला की दाब जातो आणि पाय मिटतात. उताणी पडून पाय पसरलेत याचा अर्थ ती कात टाकते आहे. अशा वेळी कुणी तिला सुलटी केली तर ती जुन्या कातडीत अडकून मरू शकते. आईला म्हटलं, पंखा बंद कर आणि आज या खोलीत कुणी येऊ नका.

दुपारी पाठीवरचं कवच झाकणासारखं उघडलं. मग एकेक पाय, हातमोज्यातून बोटं काढावीत तसा, बाहेर यायला लागला. सुळे बाहेर आले ते पांढरेशुभ्र. संध्याकाळी ती बाजूला सरकली आणि कात तशीच पडून राहिली, गुडघ्यांच्या केशरी पट्ट्यांसकट.

दोन दिवसांनी चिमट्याने कात काढली. पोटाकडची कातडी चुरगळून बोळा झालेला असतो. बशीत पाणी, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, त्यात ती भिजत ठेवली आणि टाचणीने हलके हलके उलगडली. आतल्या बाजूला चार पांढरे ठिपके दिसतात, ती श्वासाच्या अवयवांची अस्तरं. वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध बघायचं. नर असेल तर तिथे काही नसतं. आईचं पोथी वाचायचं भिंग आणि मोबाइलचा दिवा घेऊन बघितलं, तर तिथे रुंद, तपकिरी, एकसंध अशी एक छोटी झडप उभी होती. मादीची बीज साठवायची जागा ती. शंकेला जागाच नाही. शिवाय वयात आलेल्या नराच्या पुढच्या पायांना आकडे येतात आणि तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोकं फुगतात, तेही खंडूला कधी आलं नव्हतं.

दादाला फोटो पाठवला. म्हणजे दोन-तीन नव्हे, वीस वर्षं. त्याचं उत्तर आलं, "भारीच! म्हणजे माझ्या मुलांना पण दाखवता येईल." रातकिडे कोण आणणार, गावाला गेलो की शेजाऱ्यांना किल्ली कोण देणार, हे त्याच्या मनातही आलं नाही. आई तेव्हापासून तिला खंडूबाई म्हणते.

माद्या इतक्या का जगतात, हेही ऐका. मादी मोठी झाल्यावरही कात टाकत राहते, वर्षा-दोन वर्षांतून एकदा. तुटलेला पाय पुन्हा येतो, घशाच्या आतलं अस्तरसुद्धा नवं येतं. शिवाय ती बिळात बसून राहते, अन्न कमी लागतं, शरीराचा खर्च कमी. नर वयात आला की बीळ सोडून माद्या शोधत भटकतो आणि त्याची कात संपलेली असते, झिजलं ते झिजलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ पासून एका राखीव जंगलातल्या झाकणवाल्या बिळांच्या कोळ्यांची नोंद ठेवली होती. त्यातली १६ नंबरची मादी ४३ वर्षं एकाच बिळात जगली आणि शेवटी मेली ती बहुधा म्हातारपणाने नव्हे, परजीवी गांधीलमाशीमुळे. ती टॅरंटुला नव्हती, पण त्यांच्याच मोठ्या गटातली होती.

तरीही तुम्ही घेणारच असाल तर आपल्याकडची दोन संकटं लक्षात ठेवा. पहिलं म्हणजे कीटकनाशक. सोसायटीत झुरळांची फवारणी असेल त्या दिवशी पेटी दुसऱ्या घरी न्या आणि वास पूर्ण जाईपर्यंत आणू नका. डासांच्या धुराची गाडी आली की खिडक्या लावा. डासांचं मशीन त्या खोलीत कधीच नको. झुरळाला जे मारतं ते तिलाही मारतं. घरात पकडलेलं झुरळ खायला घालणाऱ्यांचं तर मला नवल वाटतं, त्याने आधी कुठलं जेल चाटलंय कुणास ठाऊक. दुसरं संकट म्हणजे पावसाळा. रेड नी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या कोरड्या जंगलातली. जुलैत आपल्या भिंतींना ओल येते तेव्हा तिच्या पेटीत पाणी शिंपडायची अजिबात गरज नसते. पेटीत पसरलेलं कोकोपीट (नारळाचा भुसा) कोरडं, पाण्याची वाटी भरलेली, जाळीतून हवा खेळती, एवढं पुरे. नाहीतर बुरशी आणि बारीक किडे होतात. कात टाकताना पेटीत रातकिडा राहिला तर तो तिला कुरतडतो. कात टाकल्यावर सुळे काळे होईपर्यंत खायला देऊ नका. तिने चार महिने खाल्लं नाही आणि पोट भरलेलं दिसतंय, तर घाबरू नका.

हे सगळं रेड नीबद्दल. आपल्याकडच्या झाडांवर राहणाऱ्या पोइसिलोथेरिया गटातल्या टॅरंटुलांना यातलं स्वभावाचं काहीही लागू नाही. त्या विजेसारख्या पळतात आणि चावल्या तर कित्येक दिवस स्नायूंत गोळे येतात. येऊरला जाऊन कोळी पकडून आणणारेही भेटलेत मला. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथला जीव उचलणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा.

रेड नीचंही तसंच. तिची अख्खी प्रजात आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या साइट्स यादीत, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर २०२४ च्या फेब्रुवारीत नियम आले आणि ज्यांच्याकडे असे प्राणी आहेत त्यांना केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीसाठी सहा महिने मिळाले. दादा म्हणाला, "कोण विचारतंय?" मी मुदतीत अर्ज भरला, ताबा ज्याच्याकडे त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. पुढच्या खेपेला तो 'माझी खंडू' म्हणाला तेव्हा मी त्याला कागद दाखवला. आता हातावर घ्यायचं असेल तर मला विचारावं लागतं, आणि मी नाही म्हणते.

तुमच्या मित्राला तीन गोष्टी विचारा. शेवटची कात कधी टाकली, ती जपून ठेवली आहे का, आणि नोंदणी कुणाच्या नावावर आहे. कात असेल तर मादी आहे की नाही ते स्वतः भिजवून बघा, सांगण्यावर जाऊ नका. नोंदणी असेल तर तुमच्या नावावर रीतसर करून घ्या. नसेल, तर मित्र कितीही जवळचा असला तरी पेटी घरी आणू नका.