सोडियम 118 आलं की आधी लघवी बघ

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

खानापूर तालुक्यात रुजू झालास. आता मे महिन्यात वीटभट्टीवरची माणसं येतील, दोन दिवस जुलाब, वर तांब्यानं साधं पाणी, आणि आता बरळतायत. रक्तातलं सोडियम 118 (लिटरमागे मिलिमोल; हवं 135 ते 145). हात आपसूक सलाईनकडे जाईल. जाऊ दे, पण आधी विचार कर.

आमटी अळणी लागली तर मीठ कमी पडलं की पाणी जास्त झालं, हे चवीवरून कळत नाही. सोडियमचंही तसंच. मीठ राखणं अल्डोस्टेरॉन या हार्मोनकडे, पाणी राखणं एडीएच या दुसऱ्या हार्मोनकडे, खाती वेगळी. एडीएच पिट्युटरीच्या मागच्या भागातून सुटतं आणि किडनीच्या शेवटच्या नळ्यांत अ‍ॅक्वापोरिन-2 ही पाण्याची दारं उघडतं. एरवी रक्त एक-दोन टक्के दाट झालं तरी ते वाढतं आणि पातळ झालं की थांबतं. पण जुलाबानं रक्ताचं आकारमान बरंच घटलं, तर रक्त पातळ असूनही ते सुटतच राहतं. मग प्यायलेलं पाणी बाहेर पडतच नाही. जीभ कोरडी, उभं केल्यावर बीपी पडतं, लघवीतलं सोडियम 20 च्या खाली : इथे सलाईन बरोबर.

न्यूमोनियाच्या पेशंटमध्ये मात्र एडीएच विनाकारण सुटत असू शकतं. बीपी ठीक, लघवी दाट, तिच्यातलं सोडियम 40 च्या वर. इथे सलाईन उलटतं. लिटरभर सलाईनमध्ये 308 मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप); लघवी लिटरमागे 616 ची असेल तर ते सगळं अर्ध्या लिटरातच निघून जातं. उरलेलं अर्धा लिटर नुसतं पाणी अंगात, आणि सोडियम आणखी खाली. इथे पिण्याचं पाणी कमी करायचं. बीपीसाठी थायाझाइडची गोळी चालू आहे का, हे दोन्हीकडे विचार, तीही सोडियम उतरवते; घरचे ‘लघवीची गोळी’ म्हणतील.

जुलाबवाल्याकडे परत ये. सलाईननं आकारमान भरलं की एडीएच एकदम बंद होतं आणि पातळ लघवीचा लोंढा सुटतो. सोडियम भराभर चढतं. 24 तासांत 8 च्या वर नको, मेंदूच्या नसांचं आवरण सुटतं. म्हणून कॅथेटरच्या पिशवीवर दर तासाला खूण कर. तासाला 100 मिलीच्या वर गेली की लगेच सोडियम परत पाठव आणि सिनियरला उठव, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

तुझा,
सर