वाचकांचे प्रश्न: जपान की व्हिएतनाम?

प्रश्न: आम्ही अमळनेरचे. मी, मिस्टर, आठवीतली मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असे पाच जण. सासूबाई माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही आणि गुडघे दुखतात. आखाजी आणि मुलांच्या परीक्षा आटोपल्या की आठ-नऊ दिवस परदेशात जायचं आहे. मुलीला जपानमधली चेरीची फुलं बघायची आहेत, मिस्टर व्हिएतनाम म्हणतात. टूरवाल्याकडे २८ एप्रिलला दोन्हीकडच्या सहली निघतात. कुठली घ्यावी? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर: ताई, देश नंतर ठरवा, आधी ती २८ एप्रिल खोडा. जपानमध्ये २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात चार सरकारी सुट्ट्या येतात. त्याला ते 'गोल्डन वीक' म्हणतात, आणि अख्खा देश त्याच दिवसांत फिरायला बाहेर पडतो. बुलेट ट्रेनची आरक्षणं आधीच भरतात, हॉटेलांचे दर चढतात. व्हिएतनाममध्येही ३० एप्रिल आणि १ मे सलग सुट्टी असते. दानांगचा समुद्रकिनारा तेव्हा आपल्या दिवाळीच्या सुट्टीतल्या महाबळेश्वरसारखा गजबजतो. निघायचं ते ७ मेनंतर निघा. शाळा जूनच्या मध्यात उघडतात, म्हणजे घाईचं काही कारण नाही.

आता फुलांचं. टोकियो आणि क्योटोत चेरी साधारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फुलायला लागते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपत येते. पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. मध्येच जोराचा पाऊस आला की सगळ्या पाकळ्या जमिनीवर. एप्रिलअखेरीला बहर उत्तरेकडे सरकतो, हिरोसाकीला आणि होक्काइदो बेटावरच्या साप्पोरोला. पण सहली बहुतेक टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका अशाच जातात. मेमध्ये तिथे कोवळी हिरवी पालवी आणि दिवसा वीस-पंचवीस अंशांची सुखद हवा असते. आपल्याकडे पारा ४३-४४ वर असताना हीही मोठीच गोष्ट आहे, पण फुलं नसतील. मुलीला हे आत्ताच सांगून टाका. माहितीपत्रकावरचा गुलाबी फोटो बघून तिकडे गेलेली मुलं फार हिरमुसतात.

तुमच्या घरासाठी आमचं मत व्हिएतनामच्या बाजूने आहे, आणि त्याचं मोठं कारण पैसे नाहीत, सासूबाईंचे गुडघे आहेत.

जपानमध्ये फिरणं म्हणजे रेल्वे आणि पायपीट. स्टेशनांवर लिफ्ट असतात, पण योग्य लिफ्ट गाठायला फलाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालावं लागतं. मोठ्या स्टेशनात एक गाडी बदलायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. दिवसाला १२ ते १५ हजार पावलं होतात. टॅक्सी चांगली, पण महाग, आणि पाच जणांना बहुधा दोन लागतात. व्हिएतनाममध्ये सात आसनी गाडी ड्रायव्हरसह दिवसभरासाठी ठरवणं परवडतं. म्हातारं माणूस हवं तेव्हा गाडीत बसून राहू शकतं. इतका फरक पुरेसा आहे.

जेवणाचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माळकरी माणसाची फसगत दोन्ही देशांत होते, फक्त वेगवेगळ्या प्रकारे. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' नावाचं पाणी, आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून काढतात. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांत ते असतं. डोळ्यांना मासा दिसत नाही, आणि वेटर प्रामाणिकपणे 'मांस नाही' म्हणतो. व्हिएतनाममध्ये हीच जागा 'न्वाक मम' या माशाच्या पाण्याची. टेबलावर छोट्या वाटीत मधाच्या रंगाचं पातळ पाणी येतं, वर मिरचीच्या चकत्या तरंगत असतात. ते म्हणजे हेच. भाजी परततानाही ते घालतात.

पण व्हिएतनाममध्ये यावर सोपा उपाय आहे. बौद्ध परंपरेमुळे शाकाहारी खाणावळी जागोजागी आहेत आणि त्यांच्या पाटीवर 'चाय' असा शब्द असतो. आपल्या चहाशी त्याचा संबंध नाही, त्याचा अर्थ शाकाहार. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथले बरेच लोक स्वतःच 'चाय' जेवतात, त्यामुळे शाकाहार म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. 'तोय आन चाय' म्हणजे मी शाकाहारी आहे. अंडं नको असेल तर 'खोंग चुंग'. उच्चारात सूर चुकला की अर्थ बदलतो, म्हणून पहिल्याच दिवशी हॉटेलच्या काउंटरवर ही दोन वाक्यं आणि 'माशाचं पाणी घालू नका' हे तिसरं वाक्य त्यांच्या भाषेत कागदावर लिहून घ्या आणि तो कागद सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा.

आता आखणी. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत आठ दिवसांत सगळं बघायचा हट्ट धरू नका. मुंबईहून हनोई किंवा हो ची मिन्ह शहर, तिथून देशांतर्गत विमानाने सुमारे सव्वा तासात दानांग. दानांग-होई आनमध्ये चार रात्री, मग हनोईत दोन किंवा तीन. मध्य व्हिएतनाममध्ये मेमध्ये पाऊस कमी असतो, उकाडा मात्र असतो. सकाळी ७ ते ११ आणि दुपारी ४ नंतर फिरायचं, मधल्या वेळात खोली.

दानांगजवळच्या बा ना हिल्स या डोंगरावर सकाळी लवकर जा. एका केबल कारची लांबी ५,८०१ मीटर आहे, आणि दगडी वाटणाऱ्या दोन पंजांनी तोललेला तो सोनेरी पूल वर डोंगरात आहे. पूल २०१८ मध्ये खुला झाला आणि साडेनऊनंतर तिथे उभं राहायला जागा मिळत नाही. वर खालच्यापेक्षा बरंच गार असतं, आजींसाठी शाल घ्या. तिकीट मुलाच्या वयावर नाही, उंचीवर ठरतं, तेव्हा घरीच उंची मोजून ठेवा. संगमरवरी डोंगर बघायचे तर तिथे लिफ्ट आहे, पायऱ्यांनी जाऊ नका.

सासूबाईंना 'मी सन' हे ठिकाण चुकवू देऊ नका. होई आनपासून साधारण ४० किलोमीटरवर दाट झाडीत विटांची शिवमंदिरं आहेत. चौथ्या ते तेराव्या शतकात चाम राजांनी ती बांधली. मुख्य देव भद्रेश्वर, म्हणजे आपला महादेवच. १९६९ च्या बॉम्बहल्ल्यात बराच भाग पडला. नंतर आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे डागडुजी केली आणि २०२० मध्ये त्या कामातच नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग मातीतून वर आलं. तिकीटघरापासून मंदिरांजवळपर्यंत छोटी विजेवरची गाडी जाते. सकाळी आठच्या आत पोहोचा.

हनोईहून 'हा लाँग' या उपसागराला एका दिवसात जाऊन येता येतं, रस्ता एका बाजूने अडीच तासांचा. तिथल्या 'ती तोप' नावाच्या बेटाच्या सुमारे चारशे पायऱ्या आजींनी चढू नयेत, त्यांनी बोटीवरच बसावं.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. एकवेळ प्रवेशाला २५ डॉलर, प्रत्येकी, मुलांचाही वेगळा. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट घेतात. सर्वांत जास्त चुका नावात होतात. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात. नाव तिथे जसं आहे तसंच टाका. सासूबाईंच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर तिकिटावर आणि व्हिसावर नाव एकसारखंच पडेल याची खात्री करा. चुकलं तर शुल्क परत मिळत नाही, नवा अर्ज करावा लागतो. निघण्याच्या तीन आठवडे आधी अर्ज टाका.

पैशांत एक सांभाळा. रुपयाला साधारण ३०० डोंग पडतात, त्यामुळे आकडे लाखांत जातात. २० हजारांची आणि ५ लाखांची, दोन्ही नोटा निळसर आहेत. अंधारात टॅक्सीवाल्याला देताना शून्यं मोजा. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवलेल्या बऱ्या.

आणि मुंबई गाठणं. विमान ९ तारखेला रात्री १२.४५ चं असेल तर विमानतळावर ८ च्या रात्री ९.३० ला पोहोचायचं असतं. दर सुट्टीत कुणीतरी इथे एक दिवस चुकतं. जळगाव-भुसावळकडच्या गाडीने येत असाल तर ठाण्याला किंवा दादरला उतरा. अमळनेरहून सुरतमार्गे आलात तर बोरिवली सोयीचं. गाडीची पोहोचण्याची वेळ आणि विमान यांत किमान आठ तास ठेवा.

मुलीचं मन मात्र राखा. चेरीसाठी मार्चअखेरची सहल तिची दहावी झाल्यावरच जमेल. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपते, आणि फुलांची वेळ तीच.

प्रश्न: आमचं जपान नक्की झालं आहे. सोबत घरचं काय काय नेता येईल? छोटा इलेक्ट्रिक कुकर नेला तर खिचडी होईल का? (एक वाचक, धुळे)

उत्तर: कुकर घरीच राहू द्या. जपानमधली वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. आपलं गरम करणारं उपकरण तिथे जेमतेम एक पंचमांश ताकदीने चालतं. १,००० वॅटचा कुकर १९० वॅटचा होतो, तांदूळ भिजत पडतो, शिजत नाही. शिवाय बहुतेक हॉटेलांत खोलीत शिजवायला मनाई असते. खोलीतल्या किटलीच्या उकळत्या पाण्यावर तयार होणारा उपमा-पोह्यांचा कोरडा मसाला न्या.

दशम्या तीन-चार दिवस टिकतात. त्यांत दूध घालून पीठ भिजवा आणि पूर्ण गार झाल्यावरच बांधा, नाहीतर घाम सुटून बुरशी येते. शेंगदाण्याची चटणी, तळलेले बिबडे, शेव चालेल. लोणचं आणि ठेचा हातातल्या बॅगेत अडवतात, मोठ्या बॅगेत दुहेरी पिशवीत घाला. अख्खं सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील धरतात. केळी किंवा कुठलंही ताजं फळ जपानमध्ये नेऊ नका, ते विमानतळावर काढून घेतात. मांसाचे पदार्थ तर नाहीच.

औषधांचं फार सांभाळा. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन. या दोन्हींवर तिथे कडक निर्बंध आहेत. डॉक्टरांना विचारून पर्यायी औषध घ्या आणि चिठ्ठी इंग्रजीत घ्या.

प्रश्न: मुलाचा पासपोर्ट तो तीन वर्षांचा असताना काढला होता. आता तो आठ वर्षांचा होईल. चालेल ना? (एक वाचक, शहादा)

उत्तर: लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, म्हणजे त्याची मुदत संपत आली आहे. आजच तारीख बघा. बऱ्याच देशांना प्रवासाच्या दिवशी सहा महिने शिल्लक लागतात. नूतनीकरणाला दोन्ही पालकांच्या सहीचं 'परिशिष्ट डी', मुलाचा जन्मदाखला, जुना पासपोर्ट आणि आई-वडिलांचे मूळ पासपोर्ट लागतात. शुल्क १,००० रुपये. एप्रिल-मेमध्ये भेटीच्या तारखा लवकर मिळत नाहीत, म्हणून फेब्रुवारीतच अर्ज करा, आणि नवा पासपोर्ट हातात पडल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. नंबर बदलतो.