नुकतीच शुगर निघाली आहे. तीन महिन्यांत एचबीएवनसी ६ च्या आत आणायचं ध्येय ठेवू का?

तुम्ही लिहिलंय, वय ४२, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ८.९, आणि मेहुण्यांची ६ च्या आत असते म्हणून तुम्हालाही तिथेच पोचायचंय. ते "मेहुण्यांची असते म्हणून" वाचलं आणि लिहायला बसले.

माझी शुगर निघून अकरा वर्षं झाली. थोरल्या भावाचीही त्याच सुमारास निघाली. त्याचा आकडा ६.१, माझा ७.४. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की ताट खाली ठेवायच्या आत त्याचा प्रश्न, "यंदा किती आली?" आणि मग सगळ्यांदेखत, "मनाचा निग्रह लागतो गं." फार लागलं ते. पुतण्याच्या लग्नापर्यंत ६ च्या आत आणायचीच म्हणून मी रात्रीचं जेवण सोडलं. वाटीभर ताक, बास. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र चालूच ठेवली, कारण ती सोडली तर आकडा वाढेल.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री अडीचला जाग आली ती अंग थरथरत होतं म्हणून. उशी घामानं ओली, गाऊन पाठीला चिकटलेला. स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा हातात घेतला आणि झाकण कसं काढायचं तेच सुचेना. वर्षानुवर्षं रोज उघडत आलेला स्टीलचा डबा! तो हातातून पडला, त्या आवाजानं हे उठले. मीटरवर शुगर ४८, म्हणजे फारच खाली. यांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी परत मोजली, ७६.

सकाळी डॉक्टर म्हणाले, "ही गोळी तुम्ही जेवणार या भरवशावर दिलेली असते. तुमच्यासाठी ७ च्या आसपास उत्तम आहे."

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. दुसऱ्याचा आकडा हे आपलं ध्येय होऊच शकत नाही. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. पहाटे ५० आणि जेवणानंतर २५० असली तरी सरासरी देखणी येते. निग्रहाचा यात काय संबंध?

ध्येय असं ठेवा की रात्री झोपताना "केलं" किंवा "नाही केलं" एवढंच म्हणता यावं. मी जेवणानंतर वीस मिनिटं गच्चीवर चालते. झोपण्याआधी आरसा जमिनीवर ठेवून तळपाय बघते. एकदा टाचेला काच लागलेली अशीच दिसली, दुखलं अजिबात नव्हतं. भाकरी एकच, पण वेळेवर. वाढदिवसाच्या महिन्यात डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासून घेते. तुम्ही डोळे आत्ताच दाखवा, कारण शुगर निघायच्या आधी किती वर्षं ती अंगात होती ते कुणालाच ठाऊक नसतं.

एक मात्र सांगायला हवं. तुमचं वय कमी आहे, निदान ताजं आहे. नुसती मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर शुगर एकदम खाली जायची भीती कमी, आणि अशांना डॉक्टर साडेसहाचंही ध्येय देतात. इन्सुलिनवर असाल किंवा दिवस गेले असतील तर हिशोबच वेगळा. म्हणून आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, गोळी मनानं कमी-जास्त करू नका.

आणि दादा, हे वाचत असशील तर यंदा भाऊबीजेला येण्याआधी डोळे तपासून ये. चार वर्षं टाळतोयस.