जुलैत नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये एकच दिवस आहे. सोपा डोंगर कोणता?

स्तूरस्टाइनेन. उंची जेमतेम 421 मीटर, पण खाली अख्खं शहर, पूल आणि फ्योर्ड (डोंगरांमध्ये शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा) दिसतात. गावातून पूल ओलांडून ट्रॉम्सडालेनला चालत पाऊण तासात पोचता. तिथून नेपाळी शेर्पांनी बांधलेल्या दगडी पायऱ्या सुरू होतात, सुमारे 1200. सावकाश चढलात तर तास-सव्वा तास.

उतरताना मात्र गुडघे बोलतात आणि ओल्या दगडावर पाय सटकतो. म्हणून पायी चढा, रोपवेने उतरा. वारा जोरात असला की रोपवे बंद पडतो, तेव्हा निघण्यापूर्वी त्यांच्या साइटवर बघून घ्या.

घाम आल्यावर माथ्यावरचा वारा लागला की जुलैतही हुडहुडी भरते. सुती टी-शर्ट नकोच. लोकरी किंवा सिंथेटिक आतला थर, वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, टोपी, एक लिटर पाणी घ्या.

दम उरला असेल तर पुढे 671 मीटरच्या फ्लोयापर्यंत जा, पण ढग उतरले असतील तर नको, वाट चुकते. साधारण 22 जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही, त्यामुळे गर्दी टाळून रात्री नऊला निघालात तरी चालेल.