कासुरी सुताची जुनी लडी हाती आल्यावर

जुन्या जपानी कासुरी सुताची लडी तुम्हाला मिळाली असेल, तर कात्री लावण्याआधी ती एकदा मोकळी करून नीट पाहावी. हे सूत विणण्यापूर्वीच ठरावीक अंतरांवर घट्ट बांधून निळीत बुडवलेले असते आणि बांधलेला भाग पांढरा राहतो. गुजरातमधील पाटणच्या पटोळा साडीचे मूळ तंत्रही हेच. कुरुमे, बिंगो आणि इयो ही जपानमधील कासुरीची नामांकित केंद्रे, आणि तेथील विणकर हे पांढरे तुकडे नक्षीच्या हिशेबानेच पाडतात. त्यामुळे लडी मध्येच तोडली की तो क्रम पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य होते.

प्रथम ओल्या पांढऱ्या फडक्याने सूत हलकेच पुसून पाहा. निळा रंग फडक्यावर उतरला, तर लडी चार ठिकाणी सैल बांधून, पाणी नितळ होईपर्यंत गार पाण्यात खळबळावी आणि सावलीत वाळवावी. ब्लीच मात्र मुळीच वापरू नये.

विणकामात हे सूत आडव्या धाग्यासाठी घेतल्यास प्रत्येक फेरीला ते किंचित सरकवून पांढऱ्या ठिपक्यांची तिरकी रेघ साधता येते. भरतकामासाठी मोठ्या नेढ्याची सुई आणि हातभर लांबीचाच धागा घ्यावा, कारण जुने सूत वारंवार घासले की विरते. मला स्वतःला ते गडद निळ्या कापडावर साध्या धावदोऱ्याने घातलेले सर्वाधिक आवडते. निळा भाग कापडात लपतो आणि पांढरे तुकडे तेवढे अधूनमधून चमकतात.