पाऊस पडला की मुळ्यांचे जीन्स बदलतात का?

प्रश्न: ताई, आमचं घर रत्नागिरीत भाट्याच्या खाडीजवळ. उन्हाळ्यातल्या मुळ्यांना (खाडीतल्या शिंपल्यांना) जी चव असते ती पावसात नसते, फिके लागतात, हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. आता मुलगा कुठूनतरी वाचून आला की पाणी गोडं झालं की शिंपल्यांचे जीन्स (जनुकं) बदलतात. हे खरं आहे का, आणि असे जीन्स बदललेले मुळे खाल्लेले चालतात का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: दादा, जीन्सची काळजी करू नका, बिनधास्त खा. (पावसात खाडीत वरून काय काय वाहून येतं हा प्रश्न वेगळा, तेवढं नीट उकडून घ्या.) तुमच्या मुलाने वाचलं ते अर्धं बरोबर आहे, गडबड फक्त 'बदलतात' या शब्दाची आहे. जीन्स तेच राहतात, त्यातले कुठले चालू आणि कुठले बंद हे बदलतं. मिरगाच्या आधी माळ्यावरून छत्र्या खाली काढल्या म्हणून काय घर नवीन बांधलं असं होत नाही ना, तसंच.

आता मुळ्याची अडचण काय ते बघा. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतं आणि जुलैत चार दिवस धो धो पाऊस लागला की खाडीच्या वरच्या अंगाला ते जवळजवळ शून्यावर येतं, पुन्हा भरती आली की वर. मासा आपल्या रक्तातलं मीठ स्वतः सांभाळतो, शिंपल्याला ते जमत नाही, बाहेरचं पाणी जेवढं खारट तेवढंच त्याचं रक्त खारट. पण पेशीच्या आत एवढं मीठ भरून चालत नाही कारण आतली प्रोटीन्स बिघडतात, मग तो जुगाड करतो, पेशीत मिठाऐवजी अमिनो अ‍ॅसिड भरून ठेवतो, टॉरिन, ग्लायसिन, अ‍ॅलानिन, प्रोलिन वगैरे. बाहेर खारट तर आत हा साठा जास्त, बाहेर गोडं झालं तर हा साठा पटापट कमी करावा लागतो नाहीतर पाणी आत घुसून पेशी फुगते.

पहिला उपाय जीन्सचा नाहीच, शिंपला सरळ दार लावून बसतो. आत ऑक्सिजन संपतो, आम्ल साठायला लागतं, ते मारायला तो स्वतःच्याच कवचातलं थोडं कॅल्शियम विरघळवतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाईटच वाटलं होतं, घर पोखरून दिवस काढायचे म्हणजे. पण असं किती दिवस बसणार, कधीतरी उघडावंच लागतं, आणि मग खरं जीन्सचं काम सुरू होतं. टॉरिन बनवणारी आणि आत ओढून घेणारी प्रोटीन्स ज्या जीन्सवरून बनतात त्यांचं काम कमी-जास्त होतं, अमिनो अ‍ॅसिड मोडणारे एन्झाइमही कमी-जास्त होतात, आणि बिघडलेली प्रोटीन्स पुन्हा सरळ करणाऱ्या मदतनीस प्रोटीन्सचे जीन्स जोरात चालू होतात. 2012 मध्ये पॅसिफिक कालवाचा पूर्ण जीनोम (सगळ्या जीन्सचा आराखडा) प्रसिद्ध झाला, चीनमधल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने, साधारण 28 हजार जीन्स निघाले, आणि त्यात या मदतनीसांपैकी एचएसपी70 नावाच्या एकाच घराण्याचे 88 जीन्स, माणसात ते 17 आहेत. जागेवर चिकटून बसलेला जीव, ऊन आलं, ओहोटी आली, पूर आला तरी हलता येत नाही, मग सामान जास्त लागणारच.

आणि तुमची चव. ग्लायसिन आणि अ‍ॅलानिन ही दोन्ही जिभेला गोड लागतात! खारट पाण्यातल्या शिंपल्यात ती भरपूर, गोड्या पाण्यात कमी, म्हणून तुमच्या घरचे म्हणतात त्यात तथ्य आहे. अंडी टाकून झाल्यावर शिंपले रोडावतात तोही भाग आहेच. माझी आई मालवणकडची, तिकडे मुळ्यांना तिसऱ्या म्हणतात, ती त्यांची एकशिपी करायची तर मे संपायच्या आत, त्यानंतर बाजारात कितीही स्वस्त असल्या तरी हात लावायची नाही. तिला ग्लायसिन माहीत नव्हतं.

प्रश्न: म्हणजे खारटपणामुळे जीन्स कायमचे बदलतच नाहीत का? मग उत्क्रांती कशी होते? — बीएस्सीची विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर: होते की, पण एका शिंपल्यात नाही, त्यांच्या गर्दीत होते. यासाठी माझं सगळ्यात आवडतं उदाहरण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंडचं आहे. तिथे निळे शिणाणे (मसल जातीचे शिंपले) असतात, आपल्या हिरव्या शिणाण्यांचे नातेवाईक. रिचर्ड कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या आसपास त्यांच्यातल्या 'लॅप' नावाच्या एका एन्झाइमचा जीन तपासला, हा एन्झाइम प्रोटीनचे तुकडे मोडून अमिनो अ‍ॅसिड सुटी करतो, म्हणजे वर सांगितलेला साठा वाढवतो. या जीनचा '94' नावाचा एक प्रकार आहे तो जरा जास्तच कामसू. बाहेर खुल्या अटलांटिकच्या बाजूला तो निम्म्याहून थोडा जास्त प्रमाणात सापडतो आणि साउंडच्या आत, जिथे पाणी कमी खारट, तिथे जेमतेम 15 टक्के.

गंमत अशी की पिल्लं काही आत-बाहेर वेगळी नसतात. समुद्रातून वाहत आलेली पिल्लं आत येऊन खडकांना चिकटतात तेव्हा त्यांच्यातही 94 भरपूर असतो. मग उन्हाळा संपता संपता 94 वाली मरत जातात. कारण कमी खारट पाण्यात एवढा साठा लागतच नाही, हा एन्झाइम मात्र मोडतोच आहे, जास्तीचं अमिनो अ‍ॅसिड नायट्रोजनसकट बाहेर टाकावं लागतं, आणि शरद ऋतूत खायला कमी असताना अशी उधळपट्टी परवडत नाही. पुढच्या वर्षी बाहेरून नवीन पिल्लं येतात आणि पुन्हा तीच चाळणी. म्हणजे निवड दरवर्षी होते पण कायमची टिकत नाही, नवीन पिल्लांची भर दरवर्षी ती पुसून टाकते. पाठ्यपुस्तकात उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षं असं शिकवतात ना, इथे एका हंगामात दिसते.

पण म्हणून काहीही सोसतील असं नाही हां. 2019 मध्ये मिसिसिपी नदीला मोठा पूर आला, न्यू ऑर्लिन्स वाचवायला बॉने कॅरे स्पिलवे (पुराचं पाणी बाजूला सोडायचे दरवाजे) एकाच वर्षात दोनदा उघडला, मिळून 123 दिवस, आणि ते सगळं गोडं पाणी मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर गेलं. तिथली बहुतेक कालवं मेली. गोड्या पाण्यात ती काही दिवस, काही आठवडे काढतात, पण पाणी गरम असलं की श्वास जास्त लागतो, दार लावून बसायची मुदत कमी होते, आणि तो पूर नेमका उन्हाळ्यापर्यंत चालला. त्यानंतर कमी खारट पाण्यात टिकणाऱ्या कालवांची निवडून पैदास करायच्या कामाला तिकडे जोर आला, हा टिकाऊपणा काही अंशी आईबापांकडून पिल्लांत उतरतो हे दिसलंय.

प्रश्न: व्हेनामी कोळंबीचं बी (पिल्लं) आणलं, तलावात पाणी 4 पीपीटी (लिटरला साधारण 4 ग्रॅम मीठ) होतं, दोन दिवसांत निम्मं बी मेलं. हॅचरीवाला म्हणतो बी चांगलं होतं. दोष कोणाचा? — कोळंबी तलाववाले, पालघर

उत्तर: दादा, नुकसानीचं वाईट वाटलं. दोष कोणाचा ते इथून नाही सांगता येणार, पण कोळंबीचं गणित शिंपल्यापेक्षा वेगळं आहे तेवढं सांगते. ती रक्तातलं मीठ स्वतः सांभाळते, साधारण 25 पीपीटीला रक्त आणि पाणी सारखं असतं, त्याखाली तिला कल्ल्यांतून मीठ आत ओढावं लागतं. हे काम करणारा सोडियम-पोटॅशियमचा पंप कल्ल्यांत असतो आणि पाणी गोडं झालं की त्याचे जीन्स जोर धरतात, पण जीन चालू झाला म्हणजे लगेच पंप तयार झाला असं नसतं, तास-दिवस लागतात. तुम्ही हॅचरीच्या 30 पीपीटीवरून थेट 4 वर सोडलं असेल तर तेवढा वेळच मिळाला नाही. शिवाय पीएल 10 च्या (म्हणजे पिल्लू या अवस्थेत दहा दिवसांचं होण्याच्या) आधी कल्लेच नीट तयार नसतात, म्हणून कमी खारट पाण्यात थोडं मोठं बी घेतात. पाणी हळूहळू उतरवा, 5 च्या खाली तर आणखी हळू.

आणि एक विचारायचं राहिलं, पाणी खाडीचं की बोअरचं? पंपाच्या नावातच पोटॅशियम आहे. समुद्रात सोडियम पोटॅशियमच्या साधारण 28 पट असतं, जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात पोटॅशियम फारच कमी असतं, मग जीन चालू असूनही पंप चालत नाही. वर्सोव्याच्या सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था) या संस्थेचं हरियाणात रोहतकजवळ लाहलीला केंद्र आहे, तिथे समुद्रापासून एवढ्या लांब खाऱ्या जमिनीतल्या पाण्यावर कोळंबी वाढवतात, आणि अशा पाण्यात पोटॅश घालावंच लागतं. बोअर असेल तर पुढचं बी मागवायच्या आधी पोटॅशियम तपासून घ्या, नुसता पीपीटीचा आकडा बघून बी सोडू नका.