एकतर्फी, कसूर आणि काटकसर

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या मेहुण्याला टॉवेल कारखान्यातून काढून टाकलं, प्रकरण कामगार न्यायालयात गेलं, मालक एकाही तारखेला फिरकला नाही. शेवटी कामावर परत घ्या आणि बुडालेला पगार द्या, असा निवाडा झाला. आता मालक चारचौघांत सांगतो, ‘कोर्टानं एकतर्फी निकाल दिला हो!’ आणि ऐकणारे हळहळतात. वाचक विचारतात, इथे ‘एकतर्फी’ बरोबर आहे का? आणि ‘डिफॉल्ट जजमेंट’ला मराठीत म्हणायचं काय?

शब्द बरोबर आहे, हळहळ चुकीची आहे. ही गफलत मी सारखी ऐकतो आणि दर वेळी संताप होतो. एकतर्फी प्रेम, एकतर्फी सामना ऐकून ऐकून कानाला सवय लागली की एकतर्फी म्हणजे अन्याय. कोर्टात एकतर्फी निकाल म्हणजे एकाच बाजूचं ऐकून दिलेला, आणि तोही दुसऱ्या बाजूला नोटीस बजावूनही ती आली नाही म्हणून. अरबी ‘तरफ’ म्हणजे कड, बाजू. रस्त्याच्या दुतर्फा झाडं असतात, त्यातली ही तर्फ. पूर्व भागातल्या तेलुगू घरांतही ‘तरफुन’ म्हणजे ‘च्या तर्फे’ हेच चालतं. यात झुकतं माप कुठेच नाही. उलट मालक गैरहजर असला तरी कामगाराला शपथपत्र घालावं लागतं, नोकरी होती हे दाखवावं लागतं. समोर कोणी नाही म्हणून मागेल ते पदरात पडत नाही. शिवाय १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात निवाडा अंमलात यायचा तो प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांनी; आणि गैरहजेरीला पुरेसं कारण असेल तर असा निवाडा रद्द करून पुन्हा सुनावणी घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने ग्रिंडलेज बँकेच्या प्रकरणात १९८० सालीच सांगितलं. ज्याला नोटीस मिळाली होती, त्याने ‘माझं ऐकलंच नाही’ म्हणू नये.

काही शुद्धिप्रेमी यावर उपाय सुचवतात : ‘एकपक्षीय’ म्हणा. का म्हणून? ‘पक्षपात’ हा शब्द ‘पक्षा’तूनच निघाला आहे. ज्या गैरसमजाला हाकलायला निघाले, त्याच्याच घरी हे लोक मुक्कामाला गेले! तर्फ शब्द अरबी आहे एवढाच यांचा राग असेल, तर वकील, तारीख, हजर, अर्ज हे सगळं बाजूला ठेवून त्यांनी एक दावा लढवून दाखवावा.

आता ‘डिफॉल्ट’, म्हणजे करायला हवं ते न करणं. त्यासाठी आपल्याकडे ‘कसूर’ आहे. कर्तव्यात कसूर, कसूरदार, बेकसूर. मेहुण्यांचा निवाडा ‘मालकाच्या कसुरीमुळे झालेला एकतर्फी निवाडा’ असा सांगावा, म्हणजे कोण चुकलं ते शब्दातच येतं. कसूरचा अरबी धातू ‘कमी पडणे, आखूड होणे’ या अर्थाचा. जुन्या मराठीतली ‘तकसीर’ याच धातूची, आणि मुसलमान प्रवासी चार रकातींची (रकात म्हणजे नमाजातलं एक आवर्तन) नमाज दोन रकातींत आटोपतात, ती ‘कस्र’सुद्धा. म्हणजे कसूर हा मुळात गुन्हा नव्हे. जिथवर पोचायला हवं होतं तिथवर न पोचणं. कोर्टाच्या दारापर्यंत न पोचलेल्या मालकाला याहून चपखल शब्द मला तरी सापडत नाही.

पण कसूर आणि कसर एकच, असं जे बिनदिक्कत लिहितात त्यांनी एकदा उर्दू लिपीत हे दोन शब्द पाहावेत. कसूरमध्ये घशातला काफ आणि स्वाद. कसरमध्ये साधा काफ आणि सीन. धातूच वेगळा. कसर ‘मोडणे’ या धातूतली. अरबी गणितात ‘कस्र’ म्हणजे अपूर्णांक, मोडलेला आकडा. सुताच्या वजनात चार तोळे कमी भरले तर ती कसर. आणि काट मारून ती कसर राखायची म्हणजे काटकसर. किती नेटका शब्द आहे हा! गिरणगाव सोलापूरने तो पगाराच्या पाकिटावर रोज जगून दाखवला.

यापुढे जाऊन माझं एक मत आहे. पुस्तकांना, घोंगडीला लागते ती कसरही हीच. ही कीड वस्तू एकदम संपवत नाही, कणाकणाने तोडते, पूर्णाचा अपूर्णांक करते. काही जाणकार हे दोन निराळे शब्द मानतात आणि किड्याच्या कसरीला देशी ठरवतात. देशी म्हणजे कुठली, हे विचारलं की मात्र गप्प बसतात. देशी मूळ दाखवा, मी माझं मत सोडतो. तोवर कपाटातली कसर मी अपूर्णांकाच्याच खात्यात धरणार.